टेराबिथिया अर्ध्यात बंद पडला, पुढचं पोरांना दाखवू की नको?

नाल्याकाठचा मास्तर
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचतो पण धागा पहिल्यांदाच काढून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात झेडपी शाळेवर आहे, पाचवी ते सातवी मिळून ३१ पोरं. शनिवारी दप्तर नसतं म्हणून टीव्हीला पेनड्राइव्ह लावून काहीतरी दाखवत असतो. आज 'ब्रिज टू टेराबिथिया' लावला, २००७ चा. पिच्चर इंग्रजीच, पण मी दर दोन-तीन मिनिटांनी थांबवून आपल्या भाषेत सांगत होतो अन् पोरं अशी रमली होती की पाणी प्यायलाही कोणी उठलं नाही. कारण त्यात सगळं आपल्यासारखंच आहे. पोराचं घर गावाबाहेर शेतात, बाप कामानं पिचलेला, घरी पैशाची ओढाताण, बहिणीचे जुने बूट घालून पोरगा शर्यतीत पळतो. मग शेजारी नवीन पोरगी राहायला येते, त्याला हरवते, अन् तिथून दोस्ती. दोघं ओढ्यावर लोंबणाऱ्या दोराला धरून पलीकडे जातात, तिकडे जंगलात त्यांचं स्वतःचं राज्य. दोराचा सीन आला तर मागची पोरं बेंचवर उभी राहिली. आमचा नाला शाळेच्या मागूनच वाहतो, तो आत्ता भरून चाललाय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका. जेस, म्हणजे तो पोरगा, एक दिवस शाळेतल्या बाईंसोबत शहरात म्युझियम पाहायला जातो, लेस्लीला, त्या पोरीला, सोबत नेत नाही. घरी येतो तर सगळे त्याच्याचकडे पाहत बसलेले, अन् सांगतात की लेस्ली गेली, दोर तुटला. मी थांबवलं, हे वाक्य सांगितलं, पुन्हा चालू करायला रिमोट घेतला अन् लाईट गेली. सकाळी ११ ला गेली ती अजून नाही. वाऱ्यानं खांब पडलेत, सोमवारपर्यंत येईल म्हणतात. मोबाईल बाजूच्या गावी जाऊन चार्ज करून आणला.

आता खरी गोष्ट. सातवीत एक पोरगा आहे. त्याचा मोठा भाऊ दोन वर्षांमागं पेरणीच्या दिवसांत वावरात वीज पडून गेला. मला माहीत होतं. पिच्चरमध्ये पोरगी मरते हेही माहीत होतं, लावायच्या आधी मी पूर्ण पाहिला होता. मी असा विचार केला की हे पाण्यात बुडण्याचं आहे, विजेचं नाही, त्याला लागणार नाही. चुकलो. तो कोणाशीच बोलला नाही, खिचडी न खाता घरी निघून गेला.

अन् आता रात्री लेखिकेबद्दल वाचत बसलो तर वेगळंच समोर आलं. कॅथरीन पॅटरसन बाईंनी ही कादंबरी १९७७ मध्ये लिहिली, १९७८ चं न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतलं मुलांच्या पुस्तकांचं बक्षीस, मिळालं, ते असो. ती लिहिली का, तर त्यांच्या मुलाची, डेव्हिडची, जिवलग मैत्रीण लिसा हिल ८ वर्षांची असताना १९७४ मध्ये गेली. वीज पडून. बाईंनी गोष्टीत वीज काढून दोर अन् ओढा घातला.

माझे दोन प्रश्न आहेत. लाईट आल्यावर उरलेला पिच्चर दाखवू की नको? आणि त्या पोराला ही विजेची गोष्ट सांगू की नको? कोणी शिक्षक, पालक, कोणीही असेल, मनापासून सांगा.


पऱ्हाटी
शनिवार, रात्री १०.१५

सर, राग मानू नका पण मले तं वाटते इथंच थांबवा. आपल्या इकडच्या लेकराइले मरण दाखवायची गरज काय हो. दर सालाले गावात एखांदं तरी असं होतेच, कोणाचा बाप, कोणाची माय, कोणी साप चावून, कोणी विहिरीत. शहरातल्या पोट्ट्याइले दाखवा बा, त्याइले माहीत नसते. आमचं पोट्टं शाळेत जाते तं दोन घंटे तरी हसून येवो असं वाटते मायबापाले. माह्या घरी माह्या भावाचं पोरगं आहे, भाऊ गेला तेव्हा ते तिसरीत होतं. शाळेत कोणतातरी धडा होता बाप मरते असा, तं ते तीन दिवस शाळेत गेलंच नाही. बाईनं काही वाईट केलं नव्हतं, पुस्तकात होता तो धडा. पण पोराच्या मनावर काय झालं ते आमाले घरी दिसलं. सोमवारी दुसरं कायतरी हसायचं लावून द्या, पोट्टे विसरून जातीन.


ग्रंथपाल काकू
शनिवार, रात्री ११.०५

मास्तर, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून एवढ्या रात्री लिहितेय. मी अमरावती जिल्ह्यात एका सार्वजनिक वाचनालयात २२ वर्षं आहे, मूळ कादंबरी मी दोनदा वाचली आहे.

पऱ्हाटी दादा, तुमच्या पुतण्याबद्दल वाचून वाईट वाटलं. लावायचा की नाही हा प्रश्न शुक्रवारी असता तर मी तुमच्याच बाजूनं बोलले असते कदाचित. पण आता तो लागला आहे. पुस्तकात १३ प्रकरणं आहेत. लेस्ली गेल्याचं दहाव्या प्रकरणाच्या अगदी शेवटी कळतं, आणि त्यानंतरची तीन पूर्ण प्रकरणं फक्त नंतरचं आहे. पॅटरसन बाईंनी मरण दाखवलेलंच नाही, ना पुस्तकात ना सिनेमात, दोर तुटताना कोणी पाहत नाही. त्यांना लिहायचं होतं ते नंतरचं. तुमची मुलं आत्ता नेमकी दहाव्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीवर उभी आहेत आणि वीज नाही म्हणून दोन दिवस तिथंच उभी राहणार आहेत. याहून वाईट जागा त्या गोष्टीत दुसरी नाही. उरलेला भाग दाखवाच.

त्या नंतरच्या भागात काय आहे ते सांगते, म्हणजे तुमची तयारी राहील. जेस आधी मानतच नाही, रस्त्यानं धावत सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याला पॅनकेक करून देते आणि तो ते खातो, चांगले लागतात म्हणून खातो, तर मोठी बहीण चिडते की तुला खाणं सुचतं कसं. पुढे त्याच्या मनात येतं की आपल्या वयाचा आपणच एक आहोत ज्याची जवळची मैत्रीण मेली, आणि त्याला क्षणभर आपण कोणीतरी महत्त्वाचे आहोत असं वाटतं. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. किती खरं आहे! मोठ्या माणसाला हे लिहायची लाज वाटली असती. सिनेमात पोराच्या मनातलं हे असं ऐकू येत नाही, तिथं तुम्हालाच दोन शब्द बोलावे लागतील. मग तो चिडतो, लेस्लीनं दिलेले रंग ओढ्यात फेकून देतो, आणि बाप, जो आख्ख्या गोष्टीत त्याला कधी जवळ घेत नाही, तो येऊन त्याला मांडीवर घेतो. आणि शेवटी तो फळ्या टाकून ओढ्यावर पूल करतो आणि धाकट्या बहिणीला हात धरून पलीकडे नेतो. पुस्तकाचं नाव पुलावर आहे, दोरावर नाही.


सेलूकर
रविवार, सकाळी ७.३०

काकूंशी सहमत. माझ्या डोक्यात रात्रभर 'श्यामची आई' फिरत होतं. वर्धेकडं आमच्या गावात मी चौथीत असताना गणपतीत पडदा लावून दाखवला होता, अत्र्यांचा, १९५३ चा, ज्याला १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं तो. आख्खं गाव रडलं, बाया पदर तोंडाला लावून. मी आईच्या मांडीत तोंड खुपसून बसलो अन् त्यानंतर महिनाभर आई वावरातून यायला उशीर झाला की मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. आता मोठं झाल्यावर पुस्तक वाचलं तर तसं काहीच झालं नाही. का झालं नाही याचा मी बराच विचार केलेला आहे.

साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलं. त्यात ४२ रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमात मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे पहिल्या पानापासून तुम्हाला माहीत असतं की आई गेलेली आहे अन् श्याम मात्र इथं बसलाय, धड आहे, बोलतोय, ऐकणारे मित्र आहेत. अन् रोज एकच रात्र. आजचं ऐकलं, झोपा, उद्या पुढचं. दुःख असं थोडं थोडं, पचेल तेवढं. अडीच तासांत एका बैठकीत तेच सगळं अंगावर आलं तर चौथीतलं पोरगं काय करेल. २०२३ मध्ये सुजय डहाकेंनी नवीन केला, कृष्णधवल ठेवला, तोही पाहिला, पण ते वेगळं बोलणं आहे.

मास्तर, मला तर वाटतं तुमचा पिच्चर अर्ध्यात थांबला ते फार वाईट झालं नाही. फक्त उद्याची रात्र यायला पाहिजे.


कोळसाखाणीकडचा
रविवार, सकाळी ९.१०

मी मूळचा वणीचा, आता पुण्यात. 'पाथेर पांचाली'बद्दल लिहितो कारण ते पुस्तक मुळात मोठ्यांचं, १९२९ चं, बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांचं, पण सिनेमा झाला तो मुलांच्या आवृत्तीमुळं. सत्यजित राय तेव्हा चित्रकार म्हणून काम करायचे, १९४४ च्या सुमाराला मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीला त्यांनी चित्रं काढली अन् तिथंच त्यांना त्यात सिनेमा दिसला. आला १९५५ ला.

त्यातली थोरली बहीण दुर्गा पावसात भिजते, तापानं जाते. आपल्याकडं ज्यांनी पाहिला त्यांना आगगाडीचा सीन आठवतोच, कास गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून बहीणभाऊ पळतात तो. त्या सीनचं अर्धं शूटिंग करून मंडळी आठवड्यानं परत गेली तर गुरांनी सगळं कास खाऊन टाकलं होतं, पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. पण मला सांगायचंय ते वेगळंच. कादंबरीत दुर्गाला आगगाडी कधीच दिसत नाही. तापात पडलेली असताना ती अपूला म्हणते की मी बरी झाले की मला एक दिवस गाडी दाखवशील ना. अन् ते राहूनच जातं. मी कादंबरी सिनेमानंतर वाचली, त्या ओळीवर आलो अन् मला पुढं वाचवेना. रायांनी तिला निदान त्या रुळांपर्यंत पळवलं. ती अडखळून पडते, अपू पुढं पोहोचतो, पण गाडीचा आवाज, धूर, ते तिच्या वाट्याला आलं. सिनेमावाले मूळ गोष्ट बदलतात म्हणून आपण नेहमी ओरडतो. इथं बदलली ती त्या पोरीवरच्या मायेनं बदलली असं मला वाटतं.

अन् बाप परत येतो, दुर्गासाठी आणलेली साडी काढतो, तेव्हा आईच्या रडण्याचा आवाज काढून टाकलाय, त्या जागी तारशहनाई हे तारवाद्य वाजते. लहान मुलासोबत पाहताना तेवढ्यानं फार फरक पडतो. मी माझ्या मुलीसोबत पाहिला, ती नऊ वर्षांची. तिनं फक्त माझा हात धरला.


ताडोबालगत
रविवार, सकाळी १०.००

थोडक्यात. 'बॅम्बी' दाखवला होता आमच्या आश्रमशाळेत, डिस्नेचा १९४२ चा. हरणाच्या पिल्लाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं मरते तो. फेलिक्स साल्टन यांचं पुस्तक १९२३ चं. तिथंही मरण दाखवत नाहीत, गोळीचा आवाज येतो अन् बर्फ पडत राहतो. शिकारी तर आख्ख्या पिच्चरमध्ये एकदाही दिसत नाही. आमच्या पोरांनी हेच विचारलं, मारणारा दिसत काऊन नाही? आमच्याकडं बाया मोहफूल वेचायला जातात तेव्हा वाघ दिसत नाही, म्हणून त्यांना ते लगेच समजलं. रडलं कोणी नाही. बोलले मात्र खूप, एकेकानं आपापल्या घरचं सांगितलं. मी दुसऱ्या तासालाही तेच चालू ठेवलं.


टोटोरोप्रेमी
रविवार, सकाळी ११.२०

जपानी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' कोणी सुचवायच्या आत मीच सांगते, कृपया शाळेत लावू नका. चित्रांचा आहे म्हणून लहान मुलांचा समजतात. युद्धात बेघर झालेले भाऊ-बहीण अन् उपासमार, अन् त्यात शेवटपर्यंत कोणीच मदतीला येत नाही. १९८८ मध्ये हा अन् 'टोटोरो' हा लहान मुलांचा हसराखेळता सिनेमा एकाच तिकिटावर दाखवले होते, कशी पाहिली असतील मुलांनी देव जाणे.

पण मास्तरांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. ज्या कथेवरून तो बनला ती अकियुकी नोसाका यांनी १९६७ मध्ये लिहिली. त्यांची स्वतःची धाकटी बहीण १९४५ मध्ये भुकेनं गेली. ते जगले. गोष्टीत मात्र त्यांनी भावालाही मारलं. आणि गोष्टीतला भाऊ जितका प्रेमळ आहे तितका मी नव्हतो, अन्न मी आधी खाल्लं, असं त्यांनी नंतर कबूल केलं. २२ वर्षांनी माफी मागितली त्यांनी बहिणीची, गोष्ट लिहून.


नाल्याकाठचा मास्तर
रविवार, दुपारी ४.३०

सगळ्यांचे आभार. एकेक पोस्ट दोनदा वाचली. पऱ्हाटी भाऊ, तुमचं म्हणणं सोडून दिलेलं नाही, तुमच्या पुतण्याचं वाचून तर आणखीनच जड झालं.

आज सकाळी त्या पोराच्या घरी जाऊन आलो. तो बकऱ्या घेऊन गेला होता. माय घरी होती, चहा ठेवला. मी सांगितलं, काल शाळेत असा असा पिच्चर दाखवला, माझं चुकलं असेल तर माफ करा. ती आधी गप्प बसली. मग जे बोलली ते मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. त्या दिवशी पाऊस आला तेव्हा मोठा भाऊ डवरा सोडून धुऱ्यावर उभा होता. अन् हा लहाना मोहाच्या झाडाखाली बकऱ्या घेऊन उभा. यानंच हाका मारल्या, भाऊ इकडं ये, भिजशील. भाऊ आला. बकऱ्यांपैकीही दोन गेल्या. याला काही झालं नाही.

माय म्हणे, "गावातले अजून बोलतात सर, झाडाखाली काऊन गेला म्हून. बोलणाऱ्याले काय माहीत का हा ऐकून राह्यला."

जेस लेस्लीला म्युझियमला नेत नाही, अन् म्हणून ती एकटी ओढ्यावर जाते. मी पोरांना ते समजावून सांगितलं होतं. चांगलं ठासून सांगितलं होतं, नेली असती तर वाचली असती म्हणून. मला आता ते वाक्य परत घ्यावंसं वाटून राहिलं.


वैनगंगा
रविवार, संध्याकाळी ६.१०

सर, मी इथं फारशी लिहीत नाही. माझी आई मी नववीत असताना गेली, कॅन्सर होता, भंडाऱ्याहून नागपूरला नेणं-आणणं दीड वर्षं चाललं. शेवटी शेवटी मला वाटायचं की आता हे संपू दे. तिला नाही, मला सुटायचं होतं. रोज एसटीनं डबा घेऊन जायचं, परत येऊन स्वयंपाक, शाळा, अन् ती ओळखतही नव्हती. मग ती खरंच गेली आणि मला पक्कं वाटलं की माझ्या मनात आलं म्हणून गेली. हे मी कोणालाही सांगितलं नाही, बारा वर्षं.

मग 'अ मॉन्स्टर कॉल्स' पाहिला, २०१६ चा. कॉनर नावाचा मुलगा, आई आजारी, रात्री १२.०७ ला घरामागचं 'यू' जातीचं झाड राक्षस होऊन येतं अन् त्याला गोष्टी सांगतं. तीन गोष्टी तो सांगणार, चौथी कॉनरनं सांगायची, खरी. अन् ती खरी गोष्ट हीच असते की त्याला हे संपायला हवं होतं, त्यानं हात सोडला. राक्षस त्याला म्हणत नाही की तू वाईट आहेस. म्हणतो की माणूस एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी मनात धरू शकतो. मी तिथं पॉज करून बाथरूममध्ये जाऊन रडले.

नंतर पुस्तक मिळवून वाचलं, पॅट्रिक नेस यांचं, २०११ चं. त्याची कल्पना मुळात शिवॉन डाउड या लेखिकेची, ती स्वतः २००७ मध्ये कॅन्सरनं गेली, लिहायचं राहिलं, म्हणून नेस यांनी लिहिलं. पुस्तक आईचा हात धरलेला असतानाच संपतं. सिनेमात शेवटी एक जास्तीचं आहे, कॉनरला आईची जुनी चित्रांची वही सापडते अन् त्यात तोच राक्षस तिनं लहानपणी काढलेला असतो. नेस यांनीच पटकथा लिहिली, तरी मला पुस्तकाचा शेवट जास्त खरा वाटतो. पण ज्या दिवशी मी पाहिला त्या दिवशी मलाही तशी वही सापडली असती तर बरं, असंही वाटलं होतं. आईच्या पेटीत मी खरंच शोधलं होतं काहीतरी.

त्या मुलाला सांगा सर. विजेचं सांगा. तो बारा वर्षं मनात घेऊन फिरू नये.


पऱ्हाटी
रविवार, रात्री ८.०५

ताई, तुमचं वाचलं. सर, म्या काल म्हणलं होतं बंद करा म्हून. मोहाखालची गोष्ट वाचली तं आता मी तसं नाही म्हणत. पण सगळ्याइसमोर नोका सांगू. एकटा असला का सांगा. अन् पिच्चर लावतानी त्याले दाराजवळ बसवा, मनात आलं तं उठून जाता आलं पाहिजे. आमच्यावाल्याले बाईनं मधात बसवलं होतं, त्याले उठताच नाही आलं.


ग्रंथपाल काकू
रविवार, रात्री ८.५०

पऱ्हाटी दादा, दाराजवळ बसवायचं मला सुचलं नसतं.

मास्तर, तुमच्या उपयोगी पडेल असं काही आठवलं. पॅटरसन बाईंनी आपल्या लेखांत आणि भाषणांत हे सांगितलेलं आहे. लिसा गेल्यावर छोट्या डेव्हिडनं एका रात्री आईला सांगितलं की लिसा का मेली ते मला कळलंय, देवाला मी आवडत नाही म्हणून. आणि त्याला भीती वाटायची की आता देव धाकट्या बहिणीला नेईल, मग एकेकाला. वीज आकाशातून पडली, कोणाचाही हात नव्हता, तरी आठ वर्षांच्या पोरानं ती आपल्या अंगावर ओढून घेतली. त्याच वर्षी बाईंचं स्वतःचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. पुढे लिहायला बसल्या तर लेस्लीच्या मरणाच्या प्रकरणापाशी आल्या आणि अडकल्या, लिहिणंच होईना. एका मैत्रिणीनं म्हटलं की तुला लेस्लीचं मरण नाही, तुझं स्वतःचंच मरण पाहायची हिंमत होत नाहीये. त्यानंतर लिहिलं.

पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत त्या लिहितात की हे डेव्हिडसाठी लिहिलं होतं, पण वाचून झाल्यावर त्यानं सांगितलं की लिसाचंही नाव घाल, म्हणून दोघांची नावं आहेत. आणि तोच डेव्हिड पॅटरसन मोठा होऊन २००७ च्या सिनेमाचा सहपटकथालेखक आणि एक निर्माता झाला. तुमच्या पोरांनी जो सिनेमा अर्धा पाहिला तो लिहिण्यात ज्याची मैत्रीण गेली त्याचाच हात आहे. जाहिरातीत मात्र तो राक्षस-परींचा सिनेमा म्हणून विकला, पुस्तकात ते सगळं फक्त दोघांच्या बोलण्यात आहे. मला त्याचा राग आहे, पण तो डेव्हिडवर नाही.


सेलूकर
सोमवार, रात्री ९.००

काय झालं मास्तर? लाईट आली का?


नाल्याकाठचा मास्तर
मंगळवार, रात्री ९.१५

लाईट काल दुपारी दोनला आली. काल पोरगा शाळेत आलाच नव्हता म्हणून मी लावला नाही, बाकी पोरं मागं लागली होती तरी. आज आला. मी सकाळीच त्याला विचारलं, उरलेला पाहायचा का, तुला नको असेल तर मी कधीच लावणार नाही. म्हणाला लावा. दाराजवळ बसवला.

सुरू करायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगितलं की शनिवारी मी एक चुकीचं बोललो. जेसनं नेली असती तर वाचली असती हे मी बोललो ते बरोबर नव्हतं. दोर जुना होता, कुजला होता, तुटला. पोरं ऐकत होती, कोणी काही विचारलं नाही.

बाप जेसला जवळ घेतो त्या सीनला वर्गात इतकं शांत होतं की हापसीचा आवाज येत होता. पुलाचा सीन आला तेव्हा पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं, सर, मग हा पूल आधी काऊन नाही बांधला? मी म्हणालो, माहीत नाही. आमच्या नाल्यावरही नाही. पोरं मग नाल्यावरच बोलत बसली, पाणी किती चढते, कोणता दगड हलते, लहान्यांना कोण धरते. त्यांनी आपसातच ठरवलं की पाऊस असला तर पलीकडच्या वस्तीवरची चार पोरं एकटी निघणार नाहीत, पलीकडे कोणीतरी मोठं माणूस आल्याशिवाय. मी फळ्यावर लिहून ठेवलंय.

तो पूर्ण पिच्चर बसला, उठला नाही. सुटी झाल्यावर हापसीवर हातपाय धूत होता. मी जवळ गेलो. सांगितलं की ही गोष्ट लिहिणाऱ्या बाईच्या पोराची मैत्रीण खरंच गेली होती, अन् ती पाण्यात नाही, वीज पडून. लिसा नाव. आठ वर्षांची. तो पाणी हापसत राहिला. मग विचारलं,

"झाड कोणतं होतं?"

म्हणालो, झाड नव्हतं. समुद्रकिनारी होती ती.

"झाडाखाली नव्हती?"

नाही.

"मंग तिले कोनं बोलावलं होतं तिथं?"

कोणीच नाही बोलावलं. तरी त्या पोराला, डेव्हिडला, वाटायचं माझ्यामुळं झालं. तो तिथं नव्हताच, तरी वाटायचं.

बराच वेळ हापसत होता, बादली भरून वाहत होती तरी. मग म्हणाला, "म्या बोलावलं होतं." मी म्हणालो, माहीत आहे, तू भिजू नये म्हणून बोलावलं. तो खाली बसला अन् मग रडला. मीही तिथंच ओल्यात बसलो. त्याची माय दुरून पाहत होती, जवळ आली नाही, थांबली. बरं केलं तिनं.

आज डब्यात खिचडी उरली होती, जाताना त्यानं मागून घेतली अन् तिथंच उभ्याउभ्यानं खाल्ली. काकू, तुम्ही लिहिलेले पॅनकेक आठवले मला.

वैनगंगा ताई, तुमचं मी त्याच्या मायला सांगितलं, नाव न घेता.

एक विचारायचं राहिलं. निघताना तो म्हणाला की त्या पोरीचं नाव खरंच पुस्तकात छापलंय का, पाहायचंय. माझ्याकडं पुस्तक नाही. कोणाकडं असेल तर वाचायला द्याल का, रोज एक प्रकरण मराठीतून सांगेन म्हणतो, तेरा दिवस.


ग्रंथपाल काकू
मंगळवार, रात्री ९.४०

माझ्याकडे स्वतःची प्रत आहे, वाचनालयाची नाही, म्हणजे परत करायची घाई नाही. उद्या सकाळच्या यवतमाळ एसटीत कंडक्टरकडे देते. तुम्हाला स्टँडवर कधी येता येईल ते निरोपात कळवा. अर्पणपत्रिकेच्या पानात खूण घालून ठेवते.